एकाच मॉनिटरवर रक्तदाबाचे दोन आकडे का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नागपुरातच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स शाखेत शिकतात. त्यांचे वडील धंतोलीतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते, तेव्हा एकाच मॉनिटरवर रक्तदाबाचे दोन आकडे दिसत असत: मनगटातील धमनीत घातलेल्या लाइनवरून, म्हणजे सलाईन भरलेल्या बारीक नळीवरून, १४२/६६ आणि दुसऱ्या हाताच्या दंडावरील कफवरून, म्हणजे हवा भरायच्या पट्ट्यावरून, १२४/७०. यांपैकी खरा आकडा कोणता, शरीरातील दाब सेन्सर नेमका कसा मोजतो आणि अशा सेन्सरवर प्रकल्प करायचा झाल्यास कशाकडे लक्ष द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. गेली चोवीस वर्षे नागपूर आणि आसपासच्या रुग्णालयांत मॉनिटर, व्हेंटिलेटर, डायलिसिस यंत्रे यांची देखभाल आणि दुरुस्ती करणे हे माझे काम आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की, आपण पाहिलेले दोन्ही आकडे बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. ‘दाब चुकीचा दाखवतो’ या तक्रारीवरून मला आजवर जितक्या वेळा बोलावले गेले, त्यांत सेन्सरची चिप प्रत्यक्ष बिघडलेली क्वचितच सापडली. चूक बहुतेक वेळा चिपच्या बाहेर, म्हणजे नळीत, उंचीत, शून्यात किंवा कफच्या मापात असते. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्या बाहेरच्या गोष्टींवरच खर्च करणार आहे.

तरीही आपला विषय इलेक्ट्रॉनिक्स असल्यामुळे चिपपासून सुरुवात करतो. धमनीच्या लाइनला जोडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या संचात, ज्याला आम्ही सगळे ट्रान्सड्यूसर म्हणतो, सिलिकॉनचा एक अत्यंत पातळ पडदा असतो आणि त्यात चार रेझिस्टर घडवलेले असतात. पडद्यावर दाब पडला की तो किंचित वाकतो, त्यामुळे दोन रेझिस्टरांचा रोध वाढतो, उरलेल्या दोघांचा कमी होतो आणि त्या चौघांच्या जोडणीचा, म्हणजे व्हीटस्टोन ब्रिजचा, तोल ढळतो. ताण पडल्यावर सिलिकॉनचा रोध धातूच्या मानाने कितीतरी पटीने बदलतो, हे बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजचे बहुतेक वैद्यकीय दाब-सेन्सर त्याच गुणधर्मावर उभे आहेत. एकदाच वापरून फेकायच्या ट्रान्सड्यूसरची संवेदनशीलता सर्वत्र एकसारखी ठरवलेली आहे: दर व्होल्ट पुरवठ्यामागे, दर मिलिमीटर पाऱ्यामागे ५ मायक्रोव्होल्ट. म्हणजे ब्रिजला ५ व्होल्ट दिले आणि धमनीत १०० मिलिमीटर दाब असला, तर हाती येतो अवघा अडीच मिलिव्होल्ट. हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे एका कंपनीचा ट्रान्सड्यूसर, योग्य केबल मिळाली तर, दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरवर चालू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. कोणताही दाब-सेन्सर ‘शरीरातील दाब’ म्हणून सुटी वस्तू मोजत नाही, तो दोन ठिकाणांच्या दाबातील फरक मोजतो. त्या पडद्याच्या एका बाजूला रुग्णाच्या धमनीपर्यंत गेलेला सलाईनचा अखंड स्तंभ असतो आणि दुसऱ्या बाजूला एका सूक्ष्म वाटेने आत आलेली खोलीतील हवा असते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे हवेचा दाब ७६० नव्हे, तर ७३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. रक्तदाब ९० आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो या ७३० च्या वर ९० असतो. मुंबईहून रुग्णाला इथे आणले म्हणून त्याचा रक्तदाब ३० ने कमी झालेला दिसत नाही, याचे कारण पडद्याच्या पाठीमागची ती वाट.

ट्रान्सड्यूसर ‘झिरो करणे’ म्हणजे त्याचा थ्री-वे (तीन वाटांची छोटी तोटी) हवेला उघडून मॉनिटरला ‘याला शून्य समज’ असे सांगणे. अतिदक्षता विभागातील सिस्टर दर पाळीला हे करतात. परंतु झिरो करणे आणि लेव्हल करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि माझ्या मते या विषयातील निम्मे घोटाळे त्यांची गल्लत झाल्याने होतात. झिरो केल्याने सेन्सरला हवेचा दाब कळतो, परंतु शरीरातील कोणत्या बिंदूच्या उंचीवरून मोजायचे, हे त्याला कळत नाही. तो बिंदू माणसाने ठरवावा लागतो. छातीच्या कडेला, चौथ्या बरगडीखालच्या फटीत, पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या मधोमध, म्हणजे साधारण हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या पातळीवर तो धरतात, आणि ट्रान्सड्यूसरचा हवेला उघडणारा थ्री-वे त्या पातळीत आणावा लागतो.

नव्या माणसाला हे शिकवताना मी त्याला बांधकामावरच्या गवंड्याची आठवण करून देतो. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप घेतो, तिचे एक टोक या खांबाला आणि दुसरे त्या खांबाला धरतो आणि दोन्हीकडे पाणी एका रेषेत आले की खूण करतो. मधली नळी जमिनीवर कशीही लोळत असली तरी त्याला तिची फिकीर नसते, कारण दोन टोकांच्या उंचीखेरीज कशानेही फरक पडत नाही. रुग्णाची लाइन ही तशीच लेव्हल पाइप आहे. मनगट गादीवर ठेवा नाहीतर उशीवर घ्या, ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला असेल तोवर आकडा जवळजवळ तोच राहतो. मात्र ट्रान्सड्यूसर स्वतः वरखाली झाला, तर प्रत्येक १० सेंटीमीटरला साधारण साडेसात मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, रात्री अकराच्या सुमारास एका रुग्णालयातून फोन आला की, मॉनिटर सारखा बोंबलतो आहे आणि प्रेशर पडते आहे. मी पोहोचलो तेव्हा मॉनिटरवर १००/४६ आणि सरासरी (पूर्ण ठोक्यातील सरासरी दाब) ६४ असे दिसत होते. पासष्टच्या खाली सरासरी गेली की अलार्म वाजावा अशी मर्यादा लावलेली होती आणि रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा पंप तोवर दोनदा वाढवून झाला होता. रुग्ण मात्र शुद्धीवर होता आणि ‘पाणी देता का’ म्हणून विचारत होता. ट्रान्सड्यूसर सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधलेला होता. संध्याकाळी एक्स-रे काढताना पलंग खाली घेतला होता आणि तो पुन्हा वर करायचे राहून गेले होते. मी टेपने मोजले, तर रुग्णाच्या छातीवरील त्या बिंदूपासून ट्रान्सड्यूसर २५ सेंटीमीटर वर होता. पलंग जागेवर आणल्याबरोबर आकडा सरासरी ८२ च्याही पुढे गेला, कारण औषधही वाढवलेले होते, आणि मग ते सावकाश उतरवण्यात रात्र गेली. यंत्र पूर्ण निर्दोष होते. त्याने स्वतःच्या उंचीवरचा दाब अगदी बरोबर सांगितला होता. तेव्हापासून शक्य तिथे मी ट्रान्सड्यूसरची पट्टी स्टँडऐवजी पलंगालाच लावायला सांगतो, म्हणजे पलंगाबरोबर तोही वरखाली होतो.

स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने अठराव्या शतकात घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते हे पहिल्यांदा मोजले आणि १७३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. रक्त ८ फूट ३ इंच चढले, एवढेच लिहून तो थांबला नाही. ही उंची हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या पातळीपासून मोजली आहे, हेही त्याने नोंदवून ठेवले. त्या मे महिन्यातल्या रात्री स्टँडवर न पाहिलेली गोष्ट त्या माणसाने काचेच्या नळीच्या काळात पाहिली होती.

उंचीनंतर दोष येतो तो नळीचा. सलाईनचा स्तंभ, प्लॅस्टिकची नळी आणि वाकणारा पडदा मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक रचना तयार होते आणि तिला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. नाडी मिनिटाला ९० असली तर मूळ वारंवारता दीड हर्ट्झ होते, परंतु धमनीतील तरंगाचा उभा चढ नीट दाखवायचा तर तिच्या आठ-दहा पटींपर्यंतचे घटक पोहोचावे लागतात. नळी लांब असली, मऊ असली किंवा तिच्यात जादा थ्री-वे जोडलेले असले की रचनेची नैसर्गिक वारंवारता खाली येऊन नेमकी या पट्ट्यात शिरते. मग तरंगाचे टोक उसळते आणि वरचा आकडा खऱ्यापेक्षा वीस-तीसने जास्त दिसू शकतो. उलट नळीत मोठा बुडबुडा, गुठळी किंवा मुडपा असेल तर तरंग बसका होतो, वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त दिसतो. दोन्ही प्रकारांत सरासरी दाब सहसा टिकून राहतो, आणि लाइनवर असलेल्या रुग्णाचे निर्णय डॉक्टर मुख्यतः सरासरीवर का घेतात, याचे हे एक कारण आहे.

तपासण्याची रीत सोपी आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. सलाईनची पिशवी ३०० मिलिमीटर दाबाच्या प्रेशर बॅगमध्ये असते आणि ट्रान्सड्यूसरमधून तासाला सुमारे ३ मिलिलिटर सलाईन सतत झिरपत राहते, म्हणजे धमनीतील टोक गुठळीने बुजत नाही. ट्रान्सड्यूसरला रबराची एक छोटी शेपटी असते. ती ओढून सोडली की पूर्ण ३०० चा दाब क्षणभर आत येतो, मॉनिटरच्या पडद्यावर चौकोनी ठोकळा उमटतो आणि सोडल्यानंतर रेषा काही हेलकावे घेऊन स्थिरावते. एक-दोन हेलकाव्यांत स्थिरावली तर ठीक, बराच वेळ थरथरत राहिली तर टोक उसळते आहे, आणि एकही हेलकावा न घेता घरंगळत खाली आली तर बुडबुडा शोधावा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने काढला आणि दोन हेलकाव्यांत २ मिलिमीटर अंतर आले, तर वारंवारता साडेबारा हर्ट्झ, इतका हिशेब आपण उभ्याउभ्या करू शकता. थरथर शांत करण्यासाठी मुद्दाम बारीक बुडबुडा ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. बारीक बुडबुडा नैसर्गिक वारंवारता आणखी खाली आणून उसळी वाढवू शकतो, शिवाय धमनीत हवा सोडण्याचा धोका वेगळाच.

कफचे काम सर्वस्वी वेगळे आहे. त्यात धमनीला कोणीही स्पर्श करत नाही. हवेच्या पिशवीने दंड दाबला जातो, मग हवा हळूहळू सोडली जाते आणि धमनीचे ठोके पिशवीतील दाबावर जी बारीक लाट उठवतात, ती सेन्सर टिपतो. ही लाट सर्वांत मोठी होते, तो दाब म्हणजे जवळपास सरासरी रक्तदाब. यंत्राला प्रत्यक्ष सापडते ती ही सरासरी, वरचा आणि खालचा आकडा लाटेच्या चढउतारावरून हिशेबाने काढलेला असतो, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असून बहुधा गुप्त असतो. नाडी अनियमित असली की हा हिशेब डळमळतो. कफ दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा जास्त येतो. आतील पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी ४० टक्क्यांच्या आसपास असावी लागते. जाड दंडाच्या रुग्णाला हाताशी येईल तो कफ गुंडाळण्याची आपल्याकडची सवय मला अजून मोडता आलेली नाही.

आता आपल्या वडिलांचे आकडे पाहू. खालच्या दाबात दोहोंच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की सरासरीचा ढोबळ अंदाज येतो. कफवरून ७० आणि १८, म्हणजे ८८. लाइनवरून ६६ आणि २५, म्हणजे ९१. वरच्या आकड्यांत १८ चा फरक असूनही सरासरीत फरक तीनचाच आहे. त्यातही हृदयापासून मनगटाकडे जाताना धमनीतील तरंग निसर्गतःच अधिक टोकदार होतो, त्यामुळे मनगटातील वरचा आकडा दंडापेक्षा जास्त असणे वावगे नाही. त्यात नळीची थोडी उसळी मिसळली असेल. ती किती होती, हे शेपटी ओढून पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, परंतु या आकड्यांत घाबरण्यासारखे काही दिसत नाही. दोन्हींच्या सरासरीत पंधरा-वीसचा फरक असता तर मी आधी ट्रान्सड्यूसरची उंची आणि मग कफचे माप पाहिले असते.

रक्तदाबाखेरीज इतर ठिकाणी हीच चिप वेगळ्या वेषात भेटते. व्हेंटिलेटरमध्ये दाब सेंटीमीटर पाण्यात मोजतात, कारण तिथले दाब लहान असतात. पाऱ्याच्या एका मिलिमीटरला पाण्याचा १.३६ सेंटीमीटर स्तंभ लागतो, त्यामुळे फुप्फुसातील दाब ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर जाऊ नये असे डॉक्टर म्हणतात, तो पाऱ्यात अवघा २२ होतो. व्हेंटिलेटर हवेचा प्रवाहही अनेकदा दाबावरूनच मोजतो: वाटेत ठाऊक असलेला अडथळा ठेवायचा आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातील फरकावरून प्रवाह काढायचा. या नळ्यांत एसीच्या गारव्याने बाष्पाचे पाणी साचले की ते हेलकावते आणि रुग्णाने श्वास ओढला असे यंत्राला वाटते. डायलिसिस यंत्रात रक्त ओढणाऱ्या बाजूचा दाब ऋण असतो आणि परतीच्या बाजूचा धन. सेन्सर आणि रक्त यांच्यामध्ये पांढरी गोल जाळी असते, ती भिजली की बदलावीच लागते. मूत्राशयातील दाबावरून पोटातील दाब काढतात, त्यासाठी आत २५ मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन सोडत नाहीत, कारण जास्त भरले तर मूत्राशय स्वतःच ताणून आकडा फुगवतो.

कवटीतील दाबाबद्दल मात्र सावकाश लिहायला हवे. प्रौढ माणसात तो साधारण ७ ते १५ मिलिमीटर असतो आणि डोक्याच्या गंभीर दुखापतीत २२ च्या वर गेला की उपचार करावेत असे मार्गदर्शन आहे. मेंदूच्या पोकळीत नळी घालून बाहेरच्या ट्रान्सड्यूसरवर तो मोजला जातो, तेव्हा पातळी छातीची नसते, ती कानाच्या छिद्रासमोरील छोट्या उंचवट्याची धरतात. आणि या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग कधीही जोडायची नसते. धमनीच्या लाइनमध्ये जी पिशवी नळी उघडी ठेवते, तीच इथे कवटीच्या बंद डब्यात पाणी ढकलत राहील. संच दिसायला सारखेच असल्यामुळे मी अशा लाइनवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावल्याशिवाय खोली सोडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे टोकालाच सेन्सर असलेली बारीक तार. तिला पातळी आणि बुडबुडा यांची चिंता नसते, परंतु ती आत घालण्यापूर्वी एकदाच झिरो करता येते. नंतर शून्य सरकले तरी कळायला मार्ग नसतो. हृदयविकाराच्या काही रुग्णांच्या फुप्फुस-धमनीत बसवण्याचा बॅटरीविरहित सेन्सरही आहे, ज्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दाबाने त्यातील कपॅसिटर बदलतो आणि बाहेरचा अँटेना त्याची अनुनाद वारंवारता वाचतो. तोही खोलीतील हवेचा दाब वेगळा मोजून वजा करतो.

आपल्या प्रकल्पाकडे येतो. विद्यार्थ्यांनी धमनीच्या लाइनच्या वाटेला जाऊ नये, कफचाच प्रकल्प करावा. बाजारात मिळणारा एमपीएक्स ५०५० हा सेन्सर ५० किलोपास्कल, म्हणजे ३७५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चालतो आणि दर मिलिमीटरला सुमारे १२ मिलिव्होल्ट देतो. कफमधील लाट एक ते तीन मिलिमीटरची असते आणि साध्या आर्डुइनोची (विद्यार्थी वापरतात त्या छोट्या संगणक-बोर्डची) एक पायरी, म्हणजे त्याला ओळखता येणारा लहानात लहान फरक, जवळपास ५ मिलिव्होल्टची, त्यामुळे लाट दोन-सात पायऱ्यांत गुदमरते. म्हणून संदेशाचे दोन भाग करा: एक सरळ, कफच्या दाबासाठी, आणि दुसरा अर्धा ते पाच हर्ट्झच्या फिल्टरमधून काढून वाढवलेला, लाटेसाठी. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने उतरवा, आणि नाडी मंद असली तर आणखी सावकाश. सरासरी आधी काढा, लाटेवरून वरचा-खालचा आकडा काढण्याचे गुणांक नंतर पाहा. पंप बंद पडला तर हवा आपोआप सुटेल असा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय तो कफ कोणाच्याही दंडाला बांधू नका.

इथे उंचीचा नियम मात्र उलटा होतो. कफच्या नळीत हवा असल्यामुळे सेन्सर टेबलावर ठेवा की जमिनीवर, आकडा बदलत नाही. फरक पडतो तो दंडाच्या उंचीने. त्यामुळे यंत्र तयार झाल्यावर एक चाचणी नक्की करा. मित्राला उताणे झोपवून दंड हृदयाच्या पातळीला ठेवून तीनदा मोजा, मग तोच हात टेकू देऊन दंड २० सेंटीमीटर वर ठेवा आणि पुन्हा तीनदा मोजा. दुसऱ्या वेळचा आकडा पंधराच्या आसपास कमी यायला हवा. तो तसाच राहिला, तर आपले यंत्र रक्तदाब मोजत नाही, प्रोग्रॅममध्ये कुठेतरी ठरलेला आकडा फिरवून दाखवते आहे, आणि मग शोध तिथून सुरू करावा.